टमाटर घातलेल्या घुगऱ्या

त्या हिवाळ्यात मी साऱ्या जगाची प्रकृती सुधारायला घेतली होती. माझी स्वतःची प्रकृती अशी होती की मी शर्ट घातला तरी शर्टाला आपण अजून खुंटीवरच आहोत असं वाटत असावं. पण सुधारकाला असल्या गोष्टी अडवत नाहीत. नागपूरच्या महाल भागातल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक पातळशी पुस्तिका सापडली होती. वर लंगोट लावलेला एक गृहस्थ दंड फुगवून उभा होता आणि आत, शिजवलेलं, तळलेलं, फोडणी दिलेलं जे जे म्हणून चांगलं लागतं त्या सगळ्यावर बंदी होती. मोड आलेली कडधान्यं, उकडलेली धान्यं आणि कच्च्या भाज्या एवढ्यावर माणूस म्हातारपणीसुद्धा झाडावर चढू शकतो, असं तिचं म्हणणं होतं. म्हातारपणी झाडावर चढून काय करायचं, ते बहुधा शेवटच्या पानांत असावं, आणि ती पानं उंदरांनी खाल्ली होती.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. माझ्या प्रयोगांपुढे बाबा जेवणाच्या वेळी पेपर उभा धरायचे, म्हणजे त्यांना माझं ताट दिसू नये. दादा सरळ म्हणायचा, "मोऱ्या, तू माणसाचं खाणं सोडून बकरीचं काहून खाऊन राहिला बे?" आईने तर मी कच्चा दुधी भोपळा खाल्ला त्या दिवशी माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. फक्त वहिनी माझ्या बाजूची. मी कडुनिंबाच्या पाल्याच्या गोळ्या वळल्या, तेव्हा साऱ्या घरात तिने एकटीने एक गोळी तोंडात टाकली, चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती चावली आणि म्हणाली, "बरी आहे, भाऊजी. पण दुसऱ्याले देऊ नोका. लोक चांगले असतेत." एवढ्या निष्ठेचा अनुयायी पुढे मला आयुष्यात मिळाला नाही. माझी बायकोही अजून मी केलेल्या कुठल्याही पदार्थाचा आधी वास घेते.

वहिनी काटोलची. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात त्यावर कोणी बोलायचं नाही. त्याची सगळी जबाबदारी गल्लीने घेतली होती. वहिनी नळावर गेली की कोणीतरी विचारायचं, "काही आहे का वं?" हळदीकुंकवाला गेली की विचारायचं. कोणाच्या बारशाला गेली तर विचारायचं नाही, नुसतं पाहायचं, आणि ते जास्त वाईट. त्या पावसाळ्यात तिच्या आईचा पाय मोडला म्हणून ती माहेरी गेली ती पाच महिने राहिली. पाय कधीच जुळून आला होता. तिला परत यायचं नव्हतं, हे दादाला कळत होतं आणि दादाच्या तोंडाकडे पाहून आम्हाला. शेवटी तो तिला आणायला स्वतः गेला.

ती आली तो देखावा मला आज जसाच्या तसा दिसतो, कारण साऱ्या गल्लीनेही तो पाहिला होता. संध्याकाळची वेळ. सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागून दादा पायी, खांद्यावर संत्र्यांचं पोतं घेऊन. वहिनी रिक्षातून अगदी जपून उतरली. थंडी होती म्हणून कानांवरून घट्ट रुमाल बांधलेला. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं. त्यात आवळ्याच्या मुरंब्याची चिनी मातीची बरणी होती. रस्त्यातल्या खड्ड्यांनी ती फुटू नये म्हणून वहिनीने काटोलपासून ती मांडीवर घेतली होती. गल्लीला हे कसं कळणार? गल्लीला दिसलं ते एवढंच, की बाई पाच महिने माहेरी राहून आली, कान बांधून आली, आणि काहीतरी छातीशी धरून चटकन आत गेली. मला मात्र तेव्हा ती फक्त वाळलेली दिसली. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं.

आई-बाबा त्या दिवशी सकाळीच रामटेकला गेले होते, दोन दिवसांसाठी. दादाने आणि मी मिळून खिचडी टाकली. जेवणं झाल्यावर आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज ऐकू आला. ती रडत नव्हती, साधं बोलत होती. "तुम्ही आले म्हणून मी आली. पण सांगून ठेवतो. एक जरी बाई विचाराले घरी आली, त मी दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं वापस. मंग नोका येऊ घ्यायले." आमच्या गल्लीत एकही बाई घरी येणार नाही, याची हमी देणं म्हणजे नळाला दिवसभर पाणी येईल अशी हमी देणं.

मी बाहेरच्या खोलीत पुस्तिका छातीवर ठेवून पडलो होतो आणि मला एकदम माझं कर्तव्य दिसलं. वहिनी अशक्त झाली होती, म्हणून खचली होती. शक्ती आली की मन ताळ्यावर येतं, असं पुस्तिकेत पान बारावर होतं. मी उठलो आणि ज्वारी, गहू, हरभरे, मूग आणि बरबटी म्हणजे चवळी, अशी पाच धान्यं भिजत घातली. पुस्तिकेत 'मूठभर' लिहिलं होतं. पण माझ्या मुठीकडे पाहून मला शंका आली, म्हणून मी प्रत्येक डब्यातून मापट्याने घेतलं, आणि वहिनीच्या पाच महिन्यांची भरपाई करायची असल्याने एकेक मापटं जास्त घेतलं. भिजल्यावर धान्य फुगतं ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. सकाळी उठून पाहतो तर आमच्या मोठ्या गंजावरचं झाकण बाजूला सरकलं होतं आणि बरबटीचे दाणे जमिनीवर उतरून मोरीच्या दिशेने निघाले होते.

दादा कचेरीत गेला. प्रवासाने अंग मोडून आलं म्हणून वहिनी झोपूनच होती. मी कॉलेज बुडवलं आणि अंगणातल्या चुलीवर गंज चढवला. पुस्तिकेप्रमाणे निम्मं तरी कच्चं हवं होतं, पण भिजलेला गहू चावून पाहिल्यावर मी या एका बाबतीत गुरूंशी मतभेद पत्करला. उकडताना धान्य आणखी फुगलं. मग मी विळीवर बसलो. विळीवर मी त्याआधी फक्त एकदाच बसलो होतो, चुकून. काकडी, गाजर, मुळा, पानकोबी, टमाटर, कांदा. गाजराचे काही तुकडे बैलाला द्यावेत असे झाले आणि काही चिमणीने नेले असते. एका टमाटराबरोबर माझ्या अंगठ्याचाही थोडा भाग कामी आला, पण रंग सारखाच असल्याने वाया गेला नाही. असं लिहिलं की माझी मुलगी ओरडते, म्हणून सांगतो की तो टमाटर मी वेगळा काढून स्वतः खाल्ला. वरून भाजलेल्या फल्लीचा (म्हणजे शेंगदाण्याचा) कूट, मूठभर सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात), निंबू, आणि माझी स्वतःची भर म्हणून काटोलच्या संत्र्यांच्या सोललेल्या फोडी. मीठ पुस्तिकेला नामंजूर होतं, तरी मी चिमटीभर टाकलं. सगळं कालवलं, चाखलं. आणि खरं सांगतो, ते चांगलं लागत होतं! मी इतका चकित झालो की तीनदा चाखलं. त्या पदार्थाला मी तिथल्या तिथे नाव दिलं: पंचधान्य बलवर्धिनी.

पण गंज अजून काठोकाठ भरलेला होता. आई परत आली आणि घरातलं निम्मं धान्य असं उकडलेलं पाहिलं, तर माझं बळ कामाला येणार नव्हतं. तेव्हा मला वाटलं, चांगल्या गोष्टीचा प्रसार करावा. वाटावं गल्लीत. मी आईच्या पेटीतून पितळी वाट्या काढल्या, हळदीकुंकवाच्या वेळी काढायच्या त्या. उघड्या न्याव्यात हे बरं दिसेना, म्हणून तिच्याच हातचे क्रोशाचे पांढरे रुमाल त्यांवर झाकले. आणि नवा धुतलेला शर्ट घालून, अंगठ्याला चिंधी बांधून, ताटात वाट्या मांडून मी घरोघरी निघालो.

समोरच गिरजाकाकूंचं घर. गल्लीत कोणाकडे किती पाहुणे आले आणि किती दिवस राहणार, हे पाहुण्यांच्या आधी गिरजाकाकूंना कळायचं. त्यांनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, रुमाल उचलला, आतले उकडलेले हरभरे आणि गहू पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला वाटलं, कांदा जास्त झाला.

"तू वाटून राहिला, बाबू?" त्या म्हणाल्या.

"आई रामटेकला गेली आहे ना, काकू. मग मीच. वहिनी झोपली आहे, फार अशक्त झाली आहे."

"होईनच ना बाप्पा. झोपू दे तिले. कान उघडे नोको ठेवू म्हणा." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. इतकं प्रेम त्यांनी मला कधीच दाखवलं नव्हतं. एकदा तर त्यांच्या कौलावर गेलेला माझा चेंडू त्यांनी विळीवर चिरून परत दिला होता. मी मनाशी म्हटलं, आरोग्याचा संदेश लोकांच्या हृदयाला असा भिडतो.

चौदा घरी तेच. कोणी माझ्या हातावर गूळ ठेवला, कोणी नुसतं "चांगलं झालं, देवानं ऐकलं" म्हणालं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या बनूआत्या, ज्यांना आम्ही सगळेच आत्या म्हणायचो आणि ज्या गल्लीतल्या सगळ्या पोरांची नावं ठेवायच्या, त्यांनी तर मला बसवून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ?" मी उदारपणे म्हणालो, "कधीही या."

घरी आलो तेव्हा वहिनी उठली होती. मी तिच्यापुढे बलवर्धिनीचं ताट ठेवलं. ती खायला लागली. एक घास, दोन घास. मग तिने संत्र्याची फोड बाजूला काढून पाहिली आणि काटोलहून आल्यापासून पहिल्यांदा हसली. "हे काय सुचलं वो तुम्हाले?" म्हणाली, आणि ती फोडही खाल्ली. मी कृतार्थ होऊन भिंतीला टेकलो. तेवढ्यात तिला आईची उघडी पेटी दिसली.

"रुमाल कुठी गेले, भाऊजी?"

"वाट्यांवर."

"आन् वाट्या?"

"गल्लीत. चौदा घरी वाटलं सगळ्यांना!"

तिचा घास हातातच राहिला. "वाटीत घालून? रुमाल झाकून?" मी मान डोलावली. "भाऊजी," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही गल्लीत घुगऱ्या वाटल्या."

आता कोणी विचारेल, एवढा मोठा झालेला माणूस, बारशाला घुगऱ्या वाटतात हे याला ठाऊक नव्हतं? होतं हो. जन्मभर खाल्ल्या होत्या. घरात मूल झालं की हरभरे, गहू उकडून, वाटीत घालून घरोघर जातात आणि ती वाटी आली की काय समजायचं ते समजायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी सुधारक होतो. सुधारकाला फक्त पुस्तिकेतलं आठवतं. मी वहिनीला ठामपणे म्हणालो, "घुगऱ्या नाहीत त्या. त्यात टमाटर आहे."

तिने ताट खाली ठेवलं. आत गेली. तिने आल्यापासून न उघडलेली पिशवी कोपऱ्यातून उचलल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी बाहेर बायकांचे आवाज आले. एकदम दहाबारा बायका, नव्या लुगड्यांची सळसळ आणि एक खुळखुळा वाजत होता.

मी धावत दाराशी गेलो. सगळ्यांत पुढे गिरजाकाकू, त्यांच्या हातात झबलं-टोपडं. शेजारी बनूआत्या खुळखुळा घेऊन. मागे डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशेपाची पुडी, नारळ. त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं: मूल झालेलं नाही. सोपं वाक्य आहे. पण आतल्या दाराआड वहिनी उभी होती, आणि तिला ऐकू जाईल असं ते वाक्य मोठ्याने बोलायला माझी जीभ वळेना. तेव्हा मी, पंचधान्य बलवर्धिनीचा जनक, दोन्ही हात पसरून दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आत्ता नको. झोपलं आहे."

सगळ्या बायका एकदम चूप. गिरजाकाकूंनी तोंडावर बोट ठेवलं. बनूआत्यांनी खुळखुळा मुठीत दाबून धरला. चपला हातात घेऊन, पंजांवर चालत, एकेक बाई माझ्या पसरलेल्या हातांखालून वाकून आमच्या घरात शिरली आणि सतरंजीवर बसली. "नुसतं तोंड पाहून जातो," गिरजाकाकू कुजबुजल्या. मी आजवर पुष्कळ चुकीची वाक्यं बोललो आहे, काही तर लग्नाच्या मांडवात बोललो आहे, पण एवढं काम करणारं वाक्य पुन्हा जमलं नाही.

मग वहिनी बाहेर आली. एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं ते लुगड्याचं गाठोडं. साऱ्या माना उंचावल्या. तिने पिशवी दाराशी ठेवली, मधोमध बसली आणि सावकाश लुगडं सोडलं. एक पदर, दुसरा पदर. आतून बरणी निघाली.

"आवळ्याचा मुरंबा आहे," ती म्हणाली. "काटोलहून हेच आणलं. दुसरं काही नाही आणलं."

वहिनीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "घुगऱ्या नोहोत त्या. भाऊजीनं माह्या ताकदीसाठी काहीबाही केलं, ते उरलं म्हणून वाटलं. मले मूल नाही झालं. पुढं होईन का नाही, मले ठाऊक नाही. आज सगळ्या आल्याच आहा, त सगळ्या मिळून एकदाच विचारून घ्या. जे विचाराचं ते विचारा. मी इथं बसली. मंग नळावर नोका विचारू, हळदीकुंकवाले नोका विचारू. जन्मभर नोका विचारू."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि जमीन दुभंगायची वाट पाहत होतो. महालातली जमीन फार कडक. गिरजाकाकू मांडीवरच्या झबल्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. त्यांनी कधी कोणाची क्षमा मागितली असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशीही मागितली नाही. मग त्यांनी मान वर केली.

"एकच विचारतो वं," त्या म्हणाल्या. "त्याच्यात मीठ काहून नव्हतं?"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग आधी तिचे खांदे हलले, आणि मग ती अशी हसली की बरणी कलंडता कलंडता राहिली. सगळ्याच हसायला लागल्या. एक म्हणाली, संत्र्याची फोड लागली तेव्हा वाटलं, काटोलच्या बारशाची रीतच असन. बनूआत्या डोळे पुसत म्हणाल्या, "पण मी आता इतकी चालत आली ते काय वापस जाऊ? बारसं त होईनच. पोरगं हे काय उभं आहे!"

मला ओढून मध्ये बसवण्यात आलं. ते एवढंसं टोपडं माझ्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली बंद आवळताना एक बंद तटकन तुटला. बनूआत्यांनी माझ्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि घुगरीनाथ असं नाव ठेवलं. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे, पण त्या दिवशी रीत बदलली आणि सगळे धपाटे माझ्या पाठीत पडले. सगळ्यांत जोरदार गिरजाकाकूंचा. माझी पाठ म्हणजे नुसत्या फासळ्या, त्यामुळे आवाजही छान आला. संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा सतरंजीवर डिंकाचे लाडू खात बसलेल्या बायका, टोपडं घातलेला भाऊ आणि हसून हसून लाल झालेली बायको पाहून तो उंबऱ्यातच थांबला. दाराशी ठेवलेली पिशवी त्याला दिसली. त्याने ती उचलली आणि आत नेऊन फळीवर ठेवली.

वहिनीला मूल झालं नाही. गल्लीने त्यानंतर कधी विचारलंही नाही. मला मात्र गल्लीने सोडलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेवर कोणीतरी पेन्सिलीने घुगरीनाथ लिहून ठेवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मला मुलगी झाली, बायकोच्या माहेरी, आणि अकराव्या दिवशी रात्री उशिरा मायलेकी घरी आल्या, त्यामुळे गल्लीला पत्ता नव्हता. बाराव्या दिवशी आईने रीतसर घुगऱ्या केल्या, मी त्याच पितळी वाट्यांतून, त्याच रुमालांखाली झाकून, घरोघर वाटल्या आणि दुपारी सतरंज्या घालून, पाळणा सजवून आम्ही वाट पाहत बसलो. तीन वाजले. चार वाजले. कोणीही आलं नाही. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. साडेचारला समोरून गिरजाकाकू एकट्याच आल्या, धुतलेली वाटी परत द्यायला. "या खेपेला मीठ बरोबर पडलं गा," माझ्याकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या. "पण टमाटर काहून नाही टाकले?"

वहिनी उठली. तिने आपल्या पेटीतून काहीतरी काढून पोरीच्या डोक्यावर घातलं, पोरीला छातीशी घेतलं आणि ती सरळ गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "या वं बायांनो!" तिचा आवाज टोकाच्या घरापर्यंत गेला. "या खेपेला पोरगी आहे! खरीखुरी आहे, येऊन पाहा!" दारं धडाधड उघडली. मी धावत मागे गेलो तेव्हा पोरीचं तोंड माझ्या बाजूला होतं, आणि मला ते टोपडं ओळखू आलं. एका बाजूचा बंद जुना होता, पिवळा पडलेला. दुसऱ्या बाजूचा, माझ्या हनुवटीखाली तुटला होता तो, नव्याने शिवलेला होता.